विज्ञान-गणिताचे पदवीधर शाळेकडे कसे वळतील? शिक्षक-शिष्यवृत्त्यांच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

विज्ञान किंवा गणित घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने शाळेत शिकवण्याचा पेशा पत्करावा म्हणून सरकारने त्याला शिक्षणकाळातच आर्थिक साहाय्य द्यावे का, द्यायचे तर कोणत्या अटींवर, आणि अट मोडली गेली तर काय करावे, हा प्रश्न अमेरिकेत सहा दशकांहून अधिक काळ चर्चेत आहे. इंग्लंडने त्यासाठी निराळी वाट चोखाळली असून भारतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अशा शिष्यवृत्त्यांचे आश्वासन लिखित स्वरूपात आल्यामुळे महाराष्ट्रातील वाचकालाही तो परका राहिलेला नाही. या प्रश्नावरील अभ्यास आता बराच साठला आहे; मात्र वेगवेगळ्या योजनांवरील निष्कर्ष एकमेकांत मिसळून मांडले जात असल्याने, शिष्यवृत्तीने काय साधते आणि काय साधत नाही, याविषयी अपुऱ्या आधारावरचे आग्रहच अधिक ऐकू येतात.

अडचणीचे मूळ वेतनरचनेत आहे. बहुतेक देशांत शाळेचा पगार शिक्षकाची पात्रता आणि सेवाकाल यांवर ठरतो, तो कोणता विषय शिकवतो यावर नाही. शाळेबाहेरचा रोजगारबाजार मात्र विषय पाहून पगार ठरवतो आणि भौतिकशास्त्राच्या, गणिताच्या वा संगणकशास्त्राच्या पदवीधराला तेथे मिळणारे उत्पन्न शाळेतील उत्पन्नापेक्षा बरेच जास्त असते. परिणामी या विषयांच्या जागा एकतर रिकाम्या राहतात किंवा दुसऱ्याच विषयाची पदवी असलेल्या शिक्षकाकडे सोपवल्या जातात. या दुसऱ्या प्रकाराला विषयाबाहेरचे अध्यापन म्हटले जाते. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी शिक्षकांकडे भौतिकशास्त्राची किंवा भौतिकशास्त्र-शिक्षणाची पदवी असल्याचे तेथील भौतिकी संस्थांच्या पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. टंचाईचा भार सर्व शाळांवर सारखा पडत नाही. चांगला शिक्षक निवड करण्याच्या स्थितीत असतो, आणि गरीब वस्तीतील शाळा त्याच्या निवडीत सहसा शेवटी येते.

या आढाव्यात दोन भेद पाळले आहेत. पहिला भेद पैसे देण्याच्या वेळेचा: रक्कम पदवीचे शिक्षण चालू असताना देता येते, ती शिष्यवृत्ती, शिक्षण संपल्यावर आधीचे शैक्षणिक कर्ज माफ करता येते, किंवा नोकरी चालू असताना पगाराच्या जोडीला काही रक्कम देता येते. दुसरा भेद उद्दिष्टाचा: विद्यार्थ्याला पेशात आणणे, त्याला गरजू शाळेत पोचवणे आणि तेथे टिकवणे ही तीन कामे वेगळी आहेत, आणि एका कामात यशस्वी ठरलेली योजना दुसऱ्या कामात अपयशी ठरू शकते.

पार्श्वभूमी: स्पुटनिकपासून नॉइसपर्यंत

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह सोडला आणि विज्ञानशिक्षणात आपण मागे पडलो आहोत, ही भावना अमेरिकेत तीव्र झाली. पुढच्याच वर्षी संमत झालेल्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विद्यार्थ्यांना कमी व्याजाची कर्जे उपलब्ध करून दिली आणि सार्वजनिक शाळेत पूर्णवेळ शिकवणाऱ्याला दरवर्षी दहा टक्के याप्रमाणे कमाल निम्मे कर्ज माफ करण्याची तरतूद केली. अध्यापनाच्या बदल्यात शिक्षणखर्चाचा भार हलका करण्याच्या कल्पनेला येथे प्रथमच व्यापक कायदेशीर रूप मिळाले. कायद्याच्या नावात संरक्षण हा शब्द होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण विज्ञानशिक्षकांवरील खर्चाचे समर्थन तेव्हापासून बहुधा राष्ट्रीय स्पर्धेच्या भाषेतच होत आले असून मुलांच्या हक्काची भाषा त्यात बरीच उशिरा आली.

१९८३ च्या ‘अ नेशन ॲट रिस्क’ या अहवालाने गणित व विज्ञान शिक्षकांच्या टंचाईकडे पुन्हा लक्ष वेधले. त्याच दशकात केंद्रीय आणि राज्य पातळीवर अनेक शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, त्यांत नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९८६ मध्ये स्थापन केलेली टीचिंग फेलोज योजना सर्वाधिक अभ्यासली गेली. बारावीतून निवडलेल्या हुशार विद्यार्थ्यांना ही योजना चार वर्षे शिष्यवृत्ती देत असे, तिची रक्कम पुढील काळात वर्षाला ६,५०० डॉलर झाली, आणि त्या बदल्यात राज्यातील सार्वजनिक शाळांत चार वर्षे शिकवणे बंधनकारक होते. केवळ रकमेवर ती थांबत नव्हती. निवडलेल्या विद्यार्थ्यांचे गट महाविद्यालयात एकत्र वाढत, त्यांच्यासाठी चर्चासत्रे होत आणि राज्यातील शाळा व समाज पाहण्यासाठी दौरे काढले जात. २०११ मध्ये राज्य विधिमंडळाने तिचा निधी थांबवला. २०१७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मात्र विज्ञान-तंत्रज्ञान-गणित आणि विशेष शिक्षण एवढ्याच क्षेत्रांपुरती आखलेली होती. सर्वांसाठी खुली असलेली योजना टंचाईच्या विषयांपुरती मर्यादित होणे हा या क्षेत्रातील व्यापक प्रवाहाचा नमुना मानता येईल.

केंद्रीय पातळीवरील प्रमुख योजना म्हणजे रॉबर्ट नॉइस शिक्षक शिष्यवृत्ती. एकात्मिक मंडलाचे एक जनक आणि इंटेल कंपनीचे सहसंस्थापक असलेल्या नॉइस यांचे (१९२७–१९९०) नाव दिलेली ही योजना २००२ च्या कायद्याने निर्माण झाली आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन या विज्ञाननिधी देणाऱ्या संस्थेकडे सोपवली गेली. २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी नॉर्मन ऑगस्टीन यांच्या अध्यक्षतेखाली तयार केलेल्या ‘रायझिंग अबव्ह द गॅदरिंग स्टॉर्म’ या अहवालाची पहिलीच शिफारस याच विषयाची होती: दरवर्षी दहा हजार विज्ञान-गणित शिक्षक चार वर्षांच्या शिष्यवृत्तीने भरती करावेत, वर्षाला २०,००० डॉलरपर्यंत द्यावेत आणि बदल्यात पाच वर्षांचे अध्यापन घ्यावे. २००७ च्या अमेरिका कॉम्पीट्स कायद्याने नॉइस योजनेचा विस्तार केला, तरी अहवालात कल्पिलेली व्याप्ती तिला कधी लाभली नाही.

नॉइस शिष्यवृत्तीची घडण

नॉइस योजनेत पैसा थेट विद्यार्थ्याला मिळत नाही. विद्यापीठ प्रस्ताव पाठवते, स्पर्धेतून निवडले गेल्यास काही वर्षांचे अनुदान मिळवते आणि त्यातून आपल्या विद्यार्थ्यांची निवड करते. शिष्यवृत्ती मुख्यतः पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांतील विज्ञान, अभियांत्रिकी वा गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी आहे; आधीच पदवी घेऊन उद्योगात गेलेल्या आणि आता शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी वेगळे विद्यावेतन आहे, तर अनुभवी शिक्षकांसाठी पगाराला जोड देणारी अधिछात्रवृत्ती २००७ नंतर त्यात आली. शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला किमान १०,००० डॉलर असते आणि शिक्षणाच्या एकूण खर्चापेक्षा अधिक असू शकत नाही.

बदल्यातील अट अशी की घेतलेल्या प्रत्येक वर्षाच्या साहाय्यासाठी दोन वर्षे गरजू शाळाक्षेत्रात शिकवावे. दोन वर्षांत २०,००० डॉलर घेतलेल्या विद्यार्थ्याने चार वर्षे शिकवायचे असते, आणि तो दोनच वर्षांनी दुसरीकडे गेला तर उरलेली रक्कम कर्ज होऊन व्याजासह त्याच्या माथी येते. या व्यवहारात पेशाची खात्री नसलेल्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पुढील सहा वर्षांचा निर्णय आधीच करायचा असतो. शिवाय त्याने कोणत्या वर्गासमोर उभे राहायचे, हेही कायद्याने जवळजवळ ठरवून टाकलेले असते.

गरजू शाळाक्षेत्राची व्याख्या मात्र सैल आहे. ज्या प्रशासकीय क्षेत्रात निदान एका शाळेत गरीब कुटुंबांतील मुलांचे प्रमाण मोठे आहे, किंवा विषयाबाहेरचे अध्यापन जास्त आहे, किंवा शिक्षक सोडून जाण्याचा दर मोठा आहे, ते क्षेत्र कायद्याच्या दृष्टीने गरजू ठरते. त्यामुळे त्याच क्षेत्रातील तुलनेने सुस्थित शाळेत शिकवूनही अट पूर्ण होऊ शकते. विद्यापीठांना अशी लवचिकता सोयीची वाटते. योजनेचा पैसा खरोखर तळाच्या शाळांपर्यंत पोचतो का, अशी शंका घेणाऱ्यांना मात्र हीच तिची उणीव वाटते.

शिष्यवृत्तीच्या बाजूने

समर्थकांचा पहिला युक्तिवाद वेळेचा आहे. विज्ञानाचा विद्यार्थी पेशाचा निर्णय पदवीच्या काळातच करतो, त्याच काळात त्याच्यावर कर्जाचा बोजा चढतो आणि तो बोजाच पुढे त्याला जास्त पगाराच्या नोकरीकडे ढकलतो. म्हणून मदत त्या क्षणी हवी, नोकरी लागल्यावरची मदत उशिराची ठरते. दुसरा युक्तिवाद शैक्षणिक तयारीचा आहे. शिष्यवृत्ती विद्यापीठाच्या विज्ञान विभागाला शिक्षणशास्त्र विभागाशी जोडण्याचे निमित्त देते. अमेरिकेत हे दोन विभाग बराच काळ परस्परांपासून दूर राहिले होते आणि भौतिकशास्त्राचे अनेक प्राध्यापक आपला हुशार विद्यार्थी शाळाशिक्षक होणे हा तोटाच मानत असत.

या जोडणीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील शाखेत १९९७ मध्ये सुरू झालेला यूटीच कार्यक्रम. विज्ञान शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी त्यात एक छोटा अभ्यासक्रम केवळ चाचपणीसाठी घेतो: जोडीदारासोबत प्रयोगावर आधारलेला पाठ तयार करतो, प्राथमिक शाळेच्या वर्गात अनुभवी शिक्षकाच्या देखत तो घेतो आणि नंतर त्याच शिक्षकाकडून अभिप्राय ऐकतो. अधिक विद्यार्थ्यांनी अनुभव घ्यावा म्हणून या प्रारंभीच्या अभ्यासक्रमांचे शुल्क विद्यार्थ्यावर पडू नये अशी व्यवस्था होती. पुढे जाण्याची सक्ती नसते. जो पुढे जातो तो चार वर्षांतच विषयाची पदवी आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र दोन्ही मिळवतो. अनेक विद्यापीठांनी हे प्रारूप स्वीकारले आणि त्यावर नॉइस शिष्यवृत्तीची जोड दिली. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी वर्गाचा अनुभव, मग बंधन. शिष्यवृत्तीचा सर्वांत सयुक्तिक वापर या क्रमात दिसतो, कारण सही करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण कशावर सही करत आहोत हे निदान थोडे तरी ठाऊक असते.

पुराव्याच्या दृष्टीने नॉर्थ कॅरोलायनाच्या योजनेवरील गॅरी हेन्री व सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास समर्थकांना बळ देतो. शिष्यवृत्ती घेऊन आलेल्या शिक्षकांची शैक्षणिक पात्रता इतरांपेक्षा सरस होती, अनेक विषय-इयत्तांत त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रगती अधिक होती आणि ते पेशात जास्त काळ टिकले, असे त्यात आढळले. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले की हे शिक्षक तुलनेने सुस्थित शाळांत अधिक संख्येने गेले. आणणे आणि टिकवणे साधले. पोचवणे त्या प्रमाणात साधले नाही, कारण योजनेची अट राज्यातील सार्वजनिक शाळेची होती, तिचा रोख गरजू शाळांवर नव्हता.

शंका आणि प्रतिवाद

अर्थशास्त्रज्ञांची प्रमुख शंका अशी की शिष्यवृत्ती घेणारे बहुतेक विद्यार्थी नाहीतरी शिक्षक होणारच होते. मग सरकारने ज्या निर्णयासाठी पैसे मोजले तो आधीच झालेला असेल, तर खर्चाचा अतिरिक्त लाभ कोणता? मिनेसोटा विद्यापीठातील फ्रान्सिस लॉरेन्झ आणि सहकाऱ्यांनी नॉइस विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणांवरून २०१० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या लेखांनी या शंकेला काही अंशी दुजोरा दिला. पेशा निवडण्याच्या मूळ निर्णयावर शिष्यवृत्तीचा प्रभाव मर्यादित असल्याचे विद्यार्थी सांगत होते, पण अध्यापन-प्रमाणपत्राचा अभ्यास पूर्ण करणे आणि गरजू शाळेत नोकरी घेणे या दोन बाबतींत तो प्रभाव अधिक होता. हा निष्कर्ष योजनेच्या विरोधात सांगितला जातो तितका विरोधी नाही. आधीच ठरवलेला विद्यार्थी वाटेत गळू न देणे आणि त्याला योग्य ठिकाणी पोचवणे हे कमी मोलाचे काम नव्हे. फक्त ते नव्या भरतीचे काम म्हणून मोजू नये.

कॅलिफोर्नियात २००० ते २००२ या काळात चाललेल्या एका योजनेचा अभ्यासही याच दिशेने जातो. शैक्षणिकदृष्ट्या उत्तम नवशिक्षकांना निकृष्ट कामगिरीच्या शाळांत चार वर्षे शिकवण्याच्या अटीवर तेथे २०,००० डॉलर दिले जात आणि अपूर्ण राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे ५,००० डॉलर परत घेतले जात. जेनिफर स्टील, रिचर्ड मर्नेन आणि जॉन विलेट यांच्या विश्लेषणानुसार या रकमेमुळे अशा शाळांत जाण्याची शक्यता सुमारे २८ टक्के-बिंदूंनी वाढली. तेथे गेल्यावर टिकण्याचे प्रमाण मात्र रक्कम न घेतलेल्या शिक्षकांइतकेच होते.

दुसरी भूमिका समाजशास्त्रज्ञ रिचर्ड इंगरसॉल यांच्या संशोधनाशी निगडित आहे. त्यांच्या मते टंचाईचे निदानच चुकते. नव्याने पात्र होणारे गणित-विज्ञान शिक्षक निवृत्त होणाऱ्यांची जागा भरण्यास पुरेसे आहेत; जागा रिकाम्या होतात त्या निवृत्तीच्या कितीतरी आधी शाळा सोडणाऱ्यांमुळे. या स्थितीला ते फिरता दरवाजा म्हणतात. डेव्हिड पर्डा यांच्यासह २०१० मध्ये त्यांनी हा मुद्दा गणित-विज्ञानाच्या आकडेवारीवर तपासला. मुख्याध्यापकाचे पाठबळ, शाळेतील शिस्त, निर्णयांत शिक्षकांचा सहभाग यांत सुधारणा न करता अधिकाधिक तरुण आत आणत राहिले तर तेही त्याच दरवाजाने बाहेर पडतील, हा त्यातून निघणारा अर्थ. यावर समर्थकांचे उत्तर असे की राष्ट्रीय सरासरीत पुरवठा पुरेसा दिसला तरी भौतिकशास्त्रासारख्या विषयात आणि ग्रामीण जिल्ह्यांत तो पुरेसा नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि बहुधा तशी ती आहेत.

तिसरी भूमिका पैसा नोकरीच्या काळात द्यावा असे सांगते. नॉर्थ कॅरोलायनाने २००१ ते २००४ या काळात गरजू माध्यमिक शाळांतील गणित, विज्ञान व विशेष शिक्षणाच्या पात्र शिक्षकांना वर्षाला १,८०० डॉलर जादा दिले, तेव्हा शाळा सोडण्याचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी घटल्याचे चार्ल्स क्लॉटफेल्टर, हेलन लॅड आदींनी दाखवले. फ्लोरिडातील कर्जमाफी आणि बोनस योजनांवरील ली फेंग व टिम सास यांच्या अभ्यासातही गळती कमी झाल्याचे आढळले. या मार्गातील अडसर एकसमान वेतनश्रेणीचा आहे. एकाच शाळेत भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला इतिहासाच्या शिक्षकापेक्षा अधिक पगार देणे अनेक शिक्षक संघटनांना अन्यायकारक वाटते, आणि शिक्षकवृंदाच्या एकोप्याचा विचार करता तो आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही. शिष्यवृत्ती राजकीयदृष्ट्या सोपी ठरते, याचे एक कारण हेच की ती वेतनश्रेणीला हात न लावता विषयानुसार भेद करू शकते.

चौथा मुद्दा माहितीचा आहे. टेक्सास विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ मायकेल मार्डर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन फिजिकल सोसायटीसाठी २०१७ मध्ये तयार केलेल्या अहवालात, विज्ञान शाखांतील निम्म्याच्या आसपास विद्यार्थ्यांना अध्यापनात थोडाफार रस असतो आणि शिक्षकाचा पगार ते प्रत्यक्षापेक्षा कमी समजतात, असे दिसून आले. प्राध्यापकांनी वर्गात या पेशाविषयी आदराने बोलणे हा उपाय शिष्यवृत्तीच्या तुलनेत जवळजवळ फुकटचा आहे, हे त्या अहवालाने दाखवून दिले याचे श्रेय त्याला द्यावे लागते.

अटीचा जाच: टीच अनुदानाचा अनुभव

शिष्यवृत्तीच्या अटीची अंमलबजावणी किती बिघडू शकते, हे २००७ च्या कायद्याने आलेल्या टीच अनुदानाने दाखवले. वर्षाला ४,००० डॉलरपर्यंतचे हे अनुदान टंचाईचा विषय, अल्प उत्पन्न वस्तीतील शाळा आणि आठ वर्षांच्या आत चार वर्षांचे अध्यापन अशा अटींवर दिले जाते. अट पाळली नाही तर संपूर्ण रक्कम कर्ज होते आणि व्याज पहिल्या दिवसापासून लागते.

शिक्षकाने दरवर्षी एक प्रमाणपत्र भरायचे असे: मी अमुक शाळेत अमुक विषय शिकवत आहे किंवा पुढे शिकवण्याचा माझा हेतू आहे, अशा आशयाचे, आणि अध्यापन झाले असल्यास त्यावर मुख्याध्यापकाची सही. कागद एक दिवस उशिरा पोचला, एखादी तारीख लिहायची राहिली, सही सुटली, तरी अनुदानाचे कर्ज होई, आणि एकदा झालेले रूपांतर मागे फिरवता येत नसे. गरजू शाळेत टंचाईचाच विषय प्रामाणिकपणे शिकवत असलेल्या कित्येक शिक्षकांवर अशा रीतीने हजारो डॉलरचे कर्ज आले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१५ मध्ये एक लाख बारा हजारांहून अधिक लाभार्थींपैकी सुमारे एक तृतीयांश जणांची अनुदाने कर्जात गेल्याची नोंद केली. शिक्षण खात्यासाठी २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात, २०१४ च्या मध्यापूर्वी सेवाकाळ सुरू झालेल्यांत हे प्रमाण सुमारे ६३ टक्के आढळले. त्यांतील अनेकांनी अट खरोखरच पाळली नव्हती, हे खरे. पण कागदामुळे फसलेल्यांची संख्याही थोडी नव्हती. वृत्तमाध्यमांनी प्रकरण लावून धरल्यावर २०१८ च्या अखेरीस खात्याने फेरविचाराची प्रक्रिया जाहीर केली, पुढे नियम बदलले आणि हजारो शिक्षकांचे कर्ज पुन्हा अनुदानात रूपांतरित झाले.

लर्निंग पॉलिसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात चांगल्या योजनेची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत रक्कम शिक्षणखर्चाचा मोठा भाग भागवणारी असावी, निवड टंचाईच्या विषयांवर व शाळांवर रोखलेली असावी, यांबरोबरच दंड वाजवी असावा आणि कारभार सर्व संबंधितांना झेपेल असा असावा, हीही आहेत. टीच अनुदानात नेमकी शेवटची दोन लक्षणे नव्हती. नॉइस योजनेत विद्यापीठ मध्यस्थ असल्यामुळे विद्यार्थ्याची ओळख असलेला माणूस निदान कागदाच्या पलीकडे उभा असतो. या साध्या फरकाचे मोल अभ्यासकांनी पुरेसे जोखलेले नाही.

बंधनाविना पैसा: इंग्लंडचे उदाहरण

इंग्लंडमध्ये शिक्षक होण्याची प्रचलित वाट पदवीनंतरच्या एका वर्षाच्या प्रशिक्षणाची आहे, आणि टंचाईच्या विषयांसाठी त्या वर्षात करमुक्त विद्यावेतन दिले जाते. भौतिकशास्त्र व गणिताकरिता ते गेल्या दशकभरात वेगवेगळ्या वर्षी २० ते ३० हजार पौंडांच्या आसपास राहिले आहे. बदल्यात शिकवण्याचे कोणतेही बंधन नाही. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ मध्ये, या खर्चाचे मोल वसूल होते हे सरकारने सिद्ध केलेले नाही, असा शेरा मारला. त्यानंतरच्या संशोधनाने चित्र थोडे पालटले: विद्यावेतन वाढले की प्रशिक्षणार्थी वाढतात आणि त्या ओढीने आलेले शिक्षक इतरांपेक्षा लवकर सोडून जातात असे दिसत नाही. तरीही २०२३-२४ मध्ये भौतिकशास्त्राच्या प्रशिक्षणार्थींची भरती उद्दिष्टाच्या सुमारे १७ टक्केच झाली, यावरून केवळ विद्यावेतनाच्या मर्यादा कळतात.

२०१८ पासून गणिताच्या विद्यावेतनाचा काही भाग नोकरीच्या तिसऱ्या व पाचव्या वर्षी देण्याचा प्रयोग झाला. सॅम सिम्स व अस्मा बेनहेंडा यांच्या २०२२ च्या अभ्यासानुसार सुमारे ८ टक्के पगारवाढीएवढी जादा रक्कम मिळणाऱ्या टंचाई-विषयांच्या शिक्षकांत सेवा सोडण्याची शक्यता सुमारे २३ टक्क्यांनी घटली. सिंगापूरची पद्धत आणखी वेगळी: तेथे पदवीधराला आधी शिक्षण मंत्रालयात नोकरी मिळते, मग पगारी प्रशिक्षण आणि त्यासोबत सेवेचे बंधन. ज्याला बांधायचे त्याची नोकरी आधी पक्की, हे त्यामागचे सूत्र.

भारतातील स्थिती

भारतात या प्रश्नाचे दोन धागे स्वतंत्रपणे वाढले. पहिला धागा एकात्मिक अभ्यासक्रमाचा. १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये सुरू झाली, आणि विज्ञानाची पदवी व अध्यापनाचे प्रशिक्षण चार वर्षांत एकत्र देणारा बी.एस्सी.एड. अभ्यासक्रम त्यांनी रुजवला. महाराष्ट्र व गोवा भोपाळच्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतात. यूटीचच्या तीन दशके आधी हे घडले, पण बराच काळ ते प्रारूप फारसे पसरले नाही. दुसरा धागा विज्ञान शिष्यवृत्तीचा. २००८ मध्ये सुरू झालेली इन्स्पायर योजना मूलभूत विज्ञानाच्या पदवी विद्यार्थ्याला वर्षाला ८०,००० रुपये देते, मात्र तिचा रोख संशोधनाकडे आहे. शाळेत शिकवणे हे विज्ञानाच्या हुशार विद्यार्थ्याचे गंतव्य असू शकते, असे गृहीत धरून आखलेली मोठी योजना देशात आजवर झाली नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हे दोन धागे जोडण्याचा प्रस्ताव मांडला. चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड. अभ्यासक्रमासाठी देशभर गुणवत्तेवर आधारित शिष्यवृत्त्या असाव्यात, आणि ग्रामीण भागासाठी अशा विशेष शिष्यवृत्त्या असाव्यात की ज्यांच्यासोबत पदवीनंतर स्थानिक भागात नोकरीला प्राधान्य मिळेल, असे त्यात म्हटले आहे. एकात्मिक शिक्षक-शिक्षण कार्यक्रम २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला. अभ्यासक्रम आला, शिष्यवृत्तीचे कलम तुलनेने मागे राहिले आहे.

महाराष्ट्रात शिष्यवृत्तीच्या अटीची कल्पना करताना वैद्यकीय पदवीधरांच्या सक्तीच्या सेवेच्या बाँडची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु दोहोंत मूलभूत फरक आहे. डॉक्टरला बाँडसाठी सरकार नेमणूक देते. शिक्षकाला मात्र पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि राज्याच्या शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ या संकेतस्थळावरील गुणानुक्रम ओलांडूनच नेमणूक मिळते, आणि २०१२ पासून अनेक वर्षे तर भरतीच गोठलेली होती. नोकरीच न देणाऱ्या व्यवस्थेने नोकरी न केल्याबद्दल दंड आकारणे न्याय्य ठरणार नाही. शिवाय नेमणुकीनंतरची पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर काढावी लागतात. माध्यमिक शाळेतील हे मानधन २०२३ पर्यंत महिना ८,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९६,००० रुपये होते. इन्स्पायर शिष्यवृत्ती घेणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याच्या वार्षिक रकमेपेक्षा जेमतेम १६,००० रुपये जास्त. आता ते महिना १८,००० रुपये झाले असले, तरी विज्ञानाच्या पदवीधराचा हिशेब त्याने फारसा बदलत नाही. येथे शिष्यवृत्तीने विद्यार्थी पेशाच्या उंबरठ्यापर्यंत येईल. उंबरठ्यानंतरची तीन वर्षे त्याला परत फिरवतील.

अनिर्णित राहिलेले

काही प्रश्नांवर पुरावा अजून अपुरा आहे. शिष्यवृत्तीचा पेशानिवडीवरील परिणाम बव्हंशी लाभार्थींच्या स्वतःच्या सांगण्यावरून मोजला गेला आहे. ज्यांना शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली त्यांच्याशी तुलना करणारे अभ्यास मोजके आहेत. बंधनाचा काळ संपल्यावर शिक्षक कोठे जातात, याचा पाठपुरावा फार थोड्या ठिकाणी झाला आहे. बंधन कडक असावे की सैल, यावर अमेरिका आणि इंग्लंड यांची उदाहरणे परस्परविरुद्ध दिशा दाखवतात, पण दोन्हींची वेतनरचना व कर्जव्यवस्था भिन्न असल्याने थेट निवाडा करता येत नाही. निधीचे सातत्य हाही मोठा प्रश्न आहे: नॉर्थ कॅरोलायनाची योजना पंचवीस वर्षांनी बंद पडली, आणि एप्रिल २०२५ पासून नॅशनल सायन्स फाउंडेशनने रद्द केलेल्या अनुदानांत विज्ञानशिक्षण विभागाचा वाटा मोठा होता. अठराव्या वर्षी पेशाची निवड करणाऱ्याला ही अनिश्चितता परवडणारी नाही.

भारतापुरता तातडीचा प्रश्न भरतीच्या नियमांचा आहे. धोरणातील स्थानिक प्राधान्याच्या कलमाला राज्यांच्या गुणानुक्रमाधारित भरतीत आज जागा नाही. ती करायची तर सेवाभरतीचे नियम बदलावे लागतील, आणि त्या बदलाला समान संधीच्या तत्त्वावर आव्हान मिळण्याचीही शक्यता आहे. एकात्मिक कार्यक्रमाच्या पहिल्या तुकड्या २०२७ मध्ये बाहेर पडतील. त्यांतले किती विद्यार्थी गणित-विज्ञानाचे होते, किती शाळेत रुजू झाले, कोणत्या जिल्ह्यात, आणि तीन वर्षांनी त्यांपैकी किती वर्गात होते, याची नोंद ठेवण्याची व्यवस्था त्यापूर्वी उभी राहिली, तर शिष्यवृत्तीचे कलम अंमलात आणताना तिची रक्कम, अट आणि स्थळ कशावर ठरवायचे, याला काही आधार मिळेल.